१० कोअर म्हणजे फास्ट, असं काही नसते

लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये इंटेलच्या आय५-१२३५यू मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) न एएमडीच्या रायझन ५ ५५००यू मध्ये ६च, म्हणून इंटेलच घ्या असं या चर्चेत एकानं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे भाऊ. त्या १० मधले दमदार कोअर फक्त २, बाकीचे ८ वीज वाचवणारे छोटे. आणि कागदावर हा इंटेल १५ वॉट असला तरी टर्बोत (थोडा वेळ जास्त वेगानं पळतो तेव्हा) तो ५५ वॉटपर्यंत जाऊ शकते, बेंचमार्कमध्ये (वेग मोजायच्या चाचणीत) तोच जोर दिसते, मंग गरम झाला की खाली बसते.

इथं कोणी उन्हाचं बोललंच नाही. आमच्या अकोल्याकडं मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, त्यात लाइट गेली की कूलर बंद, पंखा गरम हवाच ओढून रायला तर प्रोसेसर थंड होईल कसा? मी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ टक्के करून ठेवतो, टर्बो बंदच होते. पीकविम्याचे फॉर्म, एक्सेल, ब्राउझर यात फरक जाणवत नाही, पंख्याची घरघर थांबते न बॅटरीही जास्त चालते. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी मात्र हे करू नका, रेंडर (शेवटचा व्हिडिओ तयार होणं) रांगत रायते.