शहराखालच्या दुनियेच्या कादंबऱ्या: ओढ कशाची, आणि बेळगावाखाली काय दाखवायचं?

शहापूरपेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शहराच्या पोटात दुसरं शहर, तिथले वेगळे बाजार, वेगळे राजे, वेगळे कायदे, आणि वर रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला त्याची गंधवार्ता नाही. या जातीच्या अद्भुत कादंबऱ्या इंग्रजीत ढिगाने आहेत आणि हातातून सुटत नाहीत. मराठीत भुयारं, तळघरं, गुप्त दरवाजे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून आहेत, पण ती गड-वाड्यांतली. आजच्या शहराखालची मराठी दुनिया फारशी दिसत नाही.

विचारायचं ते असं. या कथांची ओढ नेमकी कशाची? आणि लंडनला भुयारी रेल्वे आहे, पॅरिसला दगडाच्या खाणी आहेत, बेळगावाखाली काय आहे? माझ्या आराखड्यात नायिका खडे बाजारातल्या एका दुकानाच्या तळघरातून उतरते, भुयाराने किल्ल्यात जाते आणि तिथून येळ्ळूरच्या राजहंसगडावर निघते. खर्डा वाचणाऱ्यांचं म्हणणं, वरचं बेळगाव जिवंत वाटतं आणि खालचं पुठ्ठ्याचं. कुठे चुकतंय?

निपाणीकर वाचक

ओढीचं आधी बघू. जमिनीखालचं जग आपल्याला नवं नाही. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ. भागवताच्या पाचव्या स्कंधात यांना ‘बिलस्वर्ग’ म्हटलंय आणि तिथलं वैभव स्वर्गाहून सरस सांगितलंय. सूर्य पोचत नाही, उजेड नागांच्या फण्यांवरच्या मण्यांचा. बळी सुतलात राहतो, आणि पाडव्याला घरोघरी आजही ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. जे खाली ढकललं गेलं ते वरच्यापेक्षा न्यायाचं होतं, ही समजूत आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय की तिच्याकडे कुणी कादंबरीचा ऐवज म्हणून बघतच नाही.

पण पाताळ साऱ्या पृथ्वीखाली आहे, अमुक गल्लीतल्या अमुक पायरीखाली नाही. तो नेमका पत्ता पुढे मोठ्या शहरांनी दिला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं आणि मग बॅझलगेट नावाच्या अभियंत्याने लंडनखाली गटारांचं जाळं बांधलं. १८६३ मध्ये पहिली भुयारी रेल्वे धावली. फ्लीट नावाची अख्खी नदी टप्प्याटप्प्याने झाकली गेली, ती आजही रस्त्याखालून वाहते. पॅरिसमध्ये जुन्या खाणी खचून रस्ते गिळायला लागले, म्हणून १७७७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं, आणि १७८६ पासून शहरातल्या कबरस्तानांतली हाडं त्या खाणींत हलवली. साठ लाख माणसांची, असा अंदाज देतात. तोवर जमिनीखाली देव आणि मृत राहत होते. आता तिथे नगरपालिका उतरली, नकाशे झाले, किल्ल्या कुणाच्या तरी कमरेला लागल्या. नकाशा झाला की त्यात न दाखवलेली जागा कुठली, हा प्रश्न येतोच. लंडनचं डाउन स्ट्रीट स्टेशन १९३२ मध्ये बंद झालं, पण गाड्या त्यातूनच जातात. खिडकीला डोळा लावून बसलं तर काळोखात भिंतीचा पोत क्षणभर बदललेला दिसतो. रोजच्या प्रवासातला तो एक क्षण म्हणजे या सगळ्या कादंबऱ्यांचं बी.

म्हणजे खालचं जग वरच्या शहराने टाकलेल्या, झाकलेल्या, विसरलेल्या गोष्टींचं बनतं. तुमचं येळ्ळूरचं भुयार बेळगावात कुणी टाकलेलंही नाही आणि झाकलेलंही नाही, ते दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आलंय. पुठ्ठा तिथेच आहे.

या कादंबऱ्या हमखास घसरतात त्या दोन जागा सांगून ठेवतो. पहिली साधारण एक तृतीयांशावर येते. नायिका खाली पोचते आणि पुढे नुसती सहल सुरू होते, दर प्रकरणाला नवी विचित्र जमात, नवा बाजार. वाचक वरच्या शहराला विसरतो, आणि वरचं विसरलं की खालचंही फिकं पडतं. दर दोन-तीन प्रकरणांनी तिला वर आणा, निदान वरचा आवाज खाली ऐकू येऊ द्या. डोक्यावरून गणपतीची मिरवणूक चाललीय आणि खाली ढोलाच्या ठोक्याने माती झडतेय, एवढं पुरतं. दुसरी जागा किमतीची. खाली जाऊन आलेल्या माणसाचं वर काहीतरी कायमचं जायला हवं. बहुतेक चांगल्या कादंबऱ्यांत तो वरच्यांना दिसेनासा होतो. दुकानदार त्याच्यामागच्या गिऱ्हाईकाला आधी देतो, घरमालक त्याची खोली भाड्याने लावून टाकतो. ही किंमत पहिल्या पन्नास पानांत वसूल झाली नाही तर पुढची सगळी जादू फुकट मिळालेली वाटते.

आणि खालचे लोक खातात काय, दिवे कशावर लावतात, चलन काय, हे स्वतःपुरतं तरी लिहून काढा. पुस्तकात त्यातलं दहा टक्केच येईल, पण बाकीचं ठरलेलं नसलं तर वाचकाला ते कळतंच.

जांभाचिरा

भुयाराचा हिशेब मांडतो, म्हणजे ते का काढावं हे दिसेल. किल्ला ते राजहंसगड सरळ दहा किलोमीटर धरा. माणूस जेमतेम उभा चालेल एवढं भुयार, एक मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. खोदाई झाली १८,००० घनमीटर, म्हणजे सहा हजार ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). फोडलेला दगड फुगून दीडपट होतो, म्हणजे वर नऊ हजार ब्रासचा ढीग. तो कुठे गेला? एवढा राडारोडा लपवणं हे भुयार लपवण्यापेक्षा अवघड. मग हवा. आडव्या बोगद्यात ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके नसतील तर खोदणाऱ्याची पणतीही तगत नाही. विजापूरच्या आदिलशाही सुरंग बावडीचा भुयारी पाट बघा, किंवा पुण्याचा पेशवेकालीन कात्रजचा नळ. दोन्हीकडे झरोके आहेत, पुण्यात त्यांना उच्छ्वास म्हणतात. आणि दोन्ही पाण्यासाठी खोदलेत, पळून जायला नाही. तिसरं म्हणजे आपला पाऊस. जांभ्यातून पाणी पाझरतं, आषाढात असं भुयार छतापर्यंत भरेल.

आता बेळगावाखाली खरंच काय आहे. वर जांभा, त्याखाली चिकण मातीचा थर, त्याखाली काळा दगड. जांभा कापताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्याच्या अंगात भोकं आणि नळ्या असतात, पाणी त्यातून आडवं सरकतं. म्हणून पेठांतल्या जुन्या घरांच्या परसात आड आणि विहिरी. नळ आले, विहिरींवर फरश्या पडल्या, काही बुजवल्या, काहींवर बाथरूम उभं राहिलं. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर मात्र शाबूत आहे. निपाणीकरांनी म्हटलेलं टाकलेलं-झाकलेलं आपल्याकडे हेच. लंडनची खालची वाट आडवी आहे, बेळगावची उभी.

आणि या विहिरी जोडलेल्याही आहेत, पाण्याने. एकीवर तीन अश्वशक्तीची मोटर दिवसभर चालली तर शेजारच्या आडाची पातळी संध्याकाळी उतरलेली दिसते. पोहरा टेकत नाही म्हणून बाई ओरडते, आणि कारण तीन घरं पलीकडे असतं. खालच्या दुनियेचं सगळं राजकारण तुम्हाला एवढ्यात मिळेल.

एका आडाचं मोजमाप देतो, ते जसंच्या तसं वापरा. व्यास ४ फूट, खोली ५० फूट. तळाच्या मध्यावरून वर बघितलं तर आभाळ साडेचार अंशांचं, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांपेक्षा थोडं मोठं. सूर्य तिथे केव्हा दिसेल? बेळगाव १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून उरला मे. साधारण २७ एप्रिल ते १२ मे, भर दुपारी साडेबाराच्या आगेमागे, जास्तीत जास्त वीसेक मिनिटं ऊन थेट तळाला लागतं. बाकी वर्षभर अंधार. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, एरवी बुडालेले बांधकामातले कोनाडे उघडे पडतात. आर्द्रा लागल्या की पातळी चढायला लागते आणि कोनाडे पुन्हा पाण्याखाली. दार कधी उघडतं आणि कधी मिटतं हे जादूगाराने ठरवायची गरजच नाही.

बारकावे आणखी. तळाशी तापमान वर्षभर २४ अंशांच्या आसपास. म्हणून वैशाखात विहीर गार लागते, आणि पौषात पहाटे तिच्यातून वाफ निघते. आवाज भिंतींवर घुमून फाटतो, शब्द नीट कळत नाहीत.

हवेचं चुकवू नका. बंद विहिरीत कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली धोका, १० च्या खाली माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपू शकतो. गाळ कुजला असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि विष वाढलं की तोच वास येईनासा होतो, कारण नाक बधिर होतं. कंदील सोडून बघायची जुनी रीत अर्धवट आहे, तिने विषारी वायू कळत नाही आणि गाळातला मिथेन पेटू शकतो. प्रत्यक्षात आधी वायुमापक दोरीने सोडतात, पंख्याने ताजी हवा तळापर्यंत देतात, उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि वर तिपाई असते. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उडी मारतो आणि दोघं जातात. नायिकेला वाचवायला कुणी उडी मारणार असेल तर तो तिथे मरतो, हे लक्षात ठेवून प्रसंग रचा.

मलप्रभाकाठ, खानापूर

जांभाचिरा यांनी विहीर दिली, मी भाषेचं बोलतो. खालच्या जगाची बोली ठरवताना बहुतेक लेखक पोथीतली मराठी आणतात, आणि पात्रं रंगमंचावर उभी असल्यासारखी बोलतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. वर शाळेने आणि टीव्हीने जे शब्द पुसट केले ते खाली टिकलेत असं धरा. ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ ही आपली क्रियापदं, रहाट, पोहरा, थारोळं, पायली, अधोली. विहिरीला कानडीत बावी म्हणतात, जुन्या मराठीत बाव. पडक्या विहिरीला ‘हाळु बावी’. खालच्या माणसाने ‘बाव’ म्हटलं तर तो कुठल्या भाषेत बोलला हे वाचकाला सांगता येऊ नये, आणि खाली कुणी विचारतही नाही. वर या शहराची नावं बदलत गेली, वेणुग्राम, बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी. खालच्या नकाशावर नावंच नसतील, फक्त पाण्याची चव असेल: गोडं, मचूळ, गंजट. या सीमाभागात लिहिलेल्या कादंबरीला हे जमेल तसं लंडनच्या कादंबरीला जमणार नाही.

वेशीचंही बघा. काकती वेस आपण रोज म्हणतो, पण तिथे आज वेस कुठे आहे? शब्द वर राहिला आणि वस्तू गेली. गेली कुठे, यावर एक पूर्ण प्रकरण होतं.

दाराची आणखी एक जागा सुचवतो. शहापूर-वडगावच्या विणकरांचा खड्डामाग. माग जमिनीलगत, विणकर काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे माग चालवायच्या पायपट्ट्यांवर. यंत्रमाग आले तसे ते खड्डे बुजवून वर फरशी घातली. गुडघाभर खोल खड्डा, ज्यात एका माणसाचे पाय चाळीस वर्षं अंधारात हलत होते. तळघरातल्या गुप्त जिन्यापेक्षा हे दार मला खरं वाटतं, कारण त्यावर कुणाचं तरी पोट होतं.

एक गोष्ट कळकळीची. शहराखाली खरोखर उतरणारी माणसं आपल्या देशात आहेत. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणं बंद केलं, गटारात आणि टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवण्यावरही बंदी आली, तरी माणसं गुदमरून मरतात. खालच्या लोकांना नुसतं गूढ, चमत्कारिक, मळकट दाखवलं तर या माणसांवर दुसऱ्यांदा झाकण घातल्यासारखं होतं. तुमच्या खालच्या दुनियेत ज्याला सगळ्या वाटा पाठ आहेत त्याच्याकडे ते ज्ञान कामातून आलेलं असू द्या, आणि वरच्या शहराने त्याचं काय देणं ठेवलंय तेही एकदा स्पष्ट बोललं जाऊ द्या.

शहापूरपेठ

येळ्ळूरचं भुयार काढलं. खडे बाजाराचं तळघरही गेलं, दार खड्डामागातून. एकच अडचण: विहिरी पाण्याने जोडलेल्या, पण माणूस एका आडातून दुसऱ्यात जाणार कसा?

जांभाचिरा

सरळ जाऊ देऊ नका. विहिरीचे झरे वाढवायला तळाशी आडवे बोअर मारतात, त्यांच्या भोकात फार तर हात जातो. तेवढ्यातून निरोप, चिठ्ठी, चपटा दिवा जाईल, माणूस नाही. माणसांच्या भेटीसाठी एखादीच मोठी विहीर ठेवा. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे, शाहूकाळातली, ११० फूट खोल, आणि तिच्यात बांधीव महाल आहे. तसा महाल बेळगावात कल्पा, वर्षाला तेच पंधरा दिवस कोरडा राहणारा. बाकी साडेअकरा महिने खालचे लोक एकमेकांना फक्त पाण्याच्या पातळीवरून ओळखतील. पातळी कुणी चोरली, हे तुमचं पहिलं भांडण.

निपाणीकर वाचक

आणि ती मोटर वरच्या माणसाची असू द्या, खाली काय चाललंय याची कल्पना नसलेल्या. रोज सकाळी सहाला तो बटण दाबतो.