सड्यावरची रानफुलं आणि फाटकांवरचे सिंह: श्रावण-भाद्रपदात फोटो कसे काढावेत?

आसगावची_सायकल

नमस्कार मंडळी. नागपंचमी ते चवथ (गणेश चतुर्थी) या काळातले दोन-तीन रविवार गोव्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरच्या, फुलांसाठी राखून ठेवलेत. येताना जुन्या घरांच्या फाटकांवरचे सिंह-शिपाई, छपरावरचे कोंबडे आणि माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या आराशीचा) बाजारही टिपायचा आहे. सामान म्हणजे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स आणि फोन. मॅक्रो लेन्सचं बजेट नाही.

अडचणी तीन आहेत. सीतेची आसवं ही जांभळी रानफुलं फोटोत मळकट निळी येतात, गेंदाची पांढरी गोल फुलं जळून (पार पांढरीफेक होऊन) जातात आणि दहातले आठ फोटो हललेले निघतात. बार्देशातून एका दिवसात जाऊन येण्याजोगी जागा कोणती?

कातळवाट

जागा: वेर्ण्याचा सडा. कारखान्यांनी बराच खाल्ला असला तरी मोकळे कातळ अजून आहेत, आणि खाली उतरलं की लोटली, म्हणजे तुमची घरंही त्याच फेरीत होतात.

मॅक्रो लेन्स नको, एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी नळी घ्या. १६ मिमीची पुरे, पण आत विद्युत-संपर्क असलेलीच घ्या. नुसत्या पोकळ नळीत अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ आकडा) बदलता येत नाही. ट्यूब लावल्यावर लेन्स ५५ वरच ठेवा. १८ वर आणलीत तर फोकसची जागा काचेच्या आत जाते आणि काहीच दिसत नाही. लोक समजतात ट्यूब खराब आहे. ५५ ला साधारण चार सेंटिमीटर रुंदीची चौकट मिळते. सीतेच्या आसवाचं फूल सेंटिमीटरभर, तेव्हा तेवढी चौकट छान.

एवढ्या जवळून एफ ११ लाही जेमतेम दोन मिलिमीटर खोली स्पष्ट येते. म्हणून फूल समोरून घेऊ नका, बाजूने घ्या. खालची रुंद पाकळी, मागची शेपटी आणि दांडा एका प्रतलात येतील असं बसा आणि सेन्सर त्या प्रतलाला समांतर धरा. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच मऊ पडतं.

आता तुमच्या तीन अडचणी.

रंग: चौकटीत तांबडा जांभा जास्त असला की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं आपोआप रंगसंतुलन) तो तांबडेपणा मारायला जातो आणि जांभळं फूल निळं पडतं. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा, व्हाइट बॅलन्स ढगाळवर बांधून टाका आणि प्रत्येक जागी एक फोटो राखाडी कार्ड ठेवून घ्या. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर फिल्टरने जाते, पण तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). वारा असेल तेव्हा काढून ठेवा.

गेंद: ओला कातळ काळपट असतो. मीटर त्याला उजळवायला जातो आणि पांढरी डोकी जळतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक. हायलाइट (जळलेला भाग) पडद्यावर लुकलुकण्याची सूचना चालू ठेवा आणि गेंदावर एक ठिपकाही लुकलुकत नाही ना बघा.

हलणं: बहुतेक वेळा हात नाही, फूल हलतं. शटर १/४०० च्या खाली नको, त्यासाठी आयएसओ १६०० गेला तरी चालेल. नऊच्या आत काम उरका, नंतर सड्यावर वारा सुटतो. वाऱ्याच्या बाजूला उघडी छत्री आडवी ठेवा. ट्रायपॉडऐवजी अर्धा किलो तांदळाची पिशवी घ्या, पण तांदूळ आधी प्लास्टिकमध्ये बांधून, नाहीतर तो भिजून फुगतो.

दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीकडे मात्र वेळ द्या. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. समोरून उजेड आला तर तो दिसतही नाही. मागून, आडवा आला तर मण्यासारखा पेटतो. उन्हाची तिरीप नसेल तर सोबत्याला छोटी बॅटरी धरायला सांगा. मागे गडद कातळ येईल असा कोन निवडा.

आणि कळकळीची विनंती. ही फुलं कातळावरून झिरपणाऱ्या पातळ पाण्यावर, बोटभरही नसलेल्या मातीवर जगतात. तिथे गुडघा टेकला की तो तुकडा त्या वर्षापुरता गेला. उघड्या कातळावर पाय ठेवा, तिथेच आडवे व्हा. आडवं होण्याआधी काठीने आजूबाजू तपासा, सड्यावर फुरसं असतं. गवताने झाकलेल्या जुन्या चिरेखाणींच्या कडा दिसत नाहीत आणि आत पाणी खोल असतं.

लोटलीचा_पाज

फाटकावरचे सिंह-शिपाई उंचावर असतात. खालून रुंद लेन्सने काढले की मागे नुसतं पांढरं आकाश आणि पुतळा काळा. रस्त्याच्या पलीकडे जा, ५५ वर या आणि मागे माडांची हिरवळ येईल अशी जागा शोधा. आकाश टाळता येत नसेल तर अधिक एक स्टॉप द्या. पावसात शेवाळलेला चुन्याचा सिंह फार देखणा दिसतो. दिवाळीच्या सुमारास घराला रंग काढला की ते शेवाळ जातं, तेव्हा आत्ताच काढा.

शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी बाहेरून काढली तर राखी ठिपके दिसतात. तिचं सौंदर्य आतून आहे, दुधाळ उजेडात. त्यासाठी घरच्यांना विचारावंच लागतं. पाजवर (दारापुढच्या बैठकीवर) कोणी बसलं असेल तर आधी ‘देव बरो दीस दिवूं’, मग कॅमेरा. पणजीच्या फोंताइन्यांत काही घरांवर फोटो नको अशा पाट्या आहेत, त्या पाळा.

लोटलीलाच आडव्या जांभ्यात कोरलेली संत मीराबाई आहे, १४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, १९९४ ची. भर दुपारी ती सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा चारनंतर, आडव्या उजेडात कोरीव रेघा उठतात.

दाबोळीच्या बाजूला ड्रोन अजिबात उडवू नका. तो नौदलाचा विमानतळ आहे.

आसगावची_सायकल

कातळवाट, लोटलीकर, मनापासून आभार. ट्यूब मागवतो. माटोळीचं कसं करू? आणि गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते, त्याचं काय?

घागऱ्यो_कांगलां

माटोळीचा बाजार चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस. तुम्हाला म्हापसा जवळ. सकाळी सातला पोचा, दहानंतर ताडपत्र्यांखाली सगळ्या मालावर निळी छाया पडते. कांगलांचे घोस, घागऱ्यो, कळलावी ही माटोळीची रानफळं-फुलं एकेकटी काढायची तर विकणाऱ्या बाईंना आधी विचारा, शक्य तर काही विकत घ्या. कळलावीच्या एकाच वेलीवर उमलती फुलं हिरवट-पिवळी आणि जुनी लाल मिळतात, दोन्ही एका चौकटीत घ्या.

घरातली माटोळी डोक्यावर टांगलेली असते. छतावर फ्लॅश मारलात तर तो माटोळीतच अडतो आणि गणपती काळा राहतो. फ्लॅश बंद, लेन्स १८ वर, दाराशी खाली बसून माटोळी आणि मूर्ती दोन्ही एकत्र घ्या. ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवा, जास्त वेगाने काढलं तर फोटोत पट्टे येतात. आरतीच्या वेळी आड येऊ नका.

वाफ एसीमुळे धरते, थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसते. वेर्णा यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा घट्ट बंद पिशवीत ठेवून बाहेर काढा आणि तसाच वीस-तीस मिनिटं राहू द्या, वाफ पिशवीवर धरेल. वाफ असताना लेन्स पुसू नका आणि बदलू तर अजिबात नका. घरी आल्यावर बॅगेत बंद करून ठेवलीत तर बुरशी येणारच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. साठच्या वर गेला की सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा.