२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे गणिती ऑयलरने कागदावर कसं ठरवलं?

विषमअंक:
३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या, २^३१ − १. ती मूळ असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. तिचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं तर साडेचार हजारांवर भागाकार होतात. एवढे केले त्याने? संगणक क्षणात 'मूळ' म्हणतो, पण मला कारण हवंय.

घातवेडा:
एवढे लागतच नाहीत, आणि का लागत नाहीत हाच यातला माझा सर्वांत लाडका भाग!

समजा, प हा तिचा एखादा मूळ विभाजक आहे. मग २^३१ ला प ने भागलं की बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे त्याहून लहान कुठल्याही घाताला बाकी १ येऊ शकत नाही; ती फक्त ३१ च्या पटीतल्या घातांनाच येते. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) चीही बाकी १, म्हणून प−१ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम आहे, म्हणजे ६२ नेही. एका फटक्यात ३, ५, ७, ११ सगळे बाद.

आता २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा तर २^१६ चा वर्ग! बाक्यांच्या हिशेबात २ हा वर्ग ठरला, आणि हे तेव्हाच घडतं जेव्हा प ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी जुळवल्या की प ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३च हवी. ४६३४० पर्यंत १ सोडून अशा संख्या फक्त ३७३, त्यातही बहुतेक मूळ नाहीत. पहिली मूळ ३११, नंतरची थेट १३०३. संख्येची घडणच तिच्या विभाजकांना एवढं जखडून ठेवते!

विषमअंक:
लगेच २^११ − १ वर ताडून पाहिलं. २०४७ = २३ × ८९. दोन्ही २२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त, आणि ८ ने भागल्यावर बाकी ७ आणि १. जुळलं! मग २^६७ − १ चंही असंच करता येईल?

बाकीशून्य:
चाळणी तीच, पण तिथे ती पुरत नाही. त्या संख्येचा लहान विभाजकच १९३७०७७२१ आहे (१३४ × १४४५५८० + १), तो गणिती कोलने १९०३ मध्ये मांडला. ती मूळ नाही हे मात्र गणिती ल्युकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं, एकही विभाजक न शोधता.

ल्युकास-लेमर कसोटी बघा. ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. २^३१ − १ साठी २९ फेऱ्या. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १, म्हणजे ४,१०,२४,३२० अंकी संख्या, हिचीही खात्री याच कसोटीने केली. आधी २^५ − १ हातानेच करा, तीनच फेऱ्या: ४, १४, ८, ०.