मदत हवी आहे: मालगाडीच्या जुन्या ब्रेक व्हॅनचा इतिहास कसा शोधावा?

ब्रॉडगेजची चारचाकी ब्रेक व्हॅन (मालगाडीच्या शेवटी जोडायचा गार्डचा डबा) आहे. लाकडी अंग, एका टोकाला गार्डची उघडी बाल्कनी, साइड बफर, स्क्रू कपलिंग आणि व्हॅक्यूम ब्रेक. आमच्या संस्थेने ती भंगारातून घेतली, सोबत कागद नाहीत. कारखान्याची पाटी गेलेली, रिव्हेटची भोकं तेवढी उरलीत.

अ‍ॅक्सल बॉक्सच्या (अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या बेअरिंगच्या पेटीच्या) झाकणांपैकी एकावर 'जीआयपी' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मध्य रेल्वेची पूर्वज) अशी ओतीव अक्षरं आहेत, बाकीची कोरी. पण वर्कशॉपमध्ये झाकणं सर्रास अदलाबदल होत, त्यामुळे व्हॅन जीआयपीचीच असं मी मानत नाही. आडव्या तुळईवर तिरका उजेड टाकला की रंगाखाली आकडे उमटतात. शेवटचे ४७ स्पष्ट, आधीचे पुसट. मध्य रेल्वे १९५१ साली झाली, तेव्हा जुन्या क्रमांकावर नवा चढवला असावा. मालडब्यांच्या क्रमांकांची हल्लीची ११ अंकी पद्धत इथे लागू होत नाही, तो सल्ला कृपया नको. रंग खरवडायलाही परवानगी नाही, मूळ थर राखायचे आहेत. फोटो आणि मापं देऊ शकतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला लिहिलंय, उत्तराची वाट पाहतोय. इंटरनेटवर प्रवासी डबे आणि इंजिनांचंच कौतुक. मालगाडीच्या शेपटाकडे कोण बघतो!

चाकांच्या अ‍ॅक्सलच्या टोकांवर ठोकलेले शिक्के अजून वाचलेले नाहीत. त्यावरून व्हॅनचं वय ठरतं, की फक्त त्या अ‍ॅक्सलचं? आणि १९५१ पूर्वीच्या मालडब्यांच्या क्रमांकांच्या नोंदवह्या आज कुठल्या दप्तरात पाहायला मिळतात?