लॅब्राडॉर आणि कॉकर स्पॅनियल: दोघांना एकच शिकवणी चालेल का?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)
नमस्कार. आमच्याकडे सात महिन्यांची लॅब्राडॉर कुत्री आणि दीड वर्षाचा कॉकर स्पॅनियल आहे. दोन्ही मुळात शिकारीत मदत करणाऱ्या जाती; पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तो हेतू नाही. परंतु लपवलेली कापडी डमी (शिकारीच्या पक्ष्याऐवजी वापरायची गुंडाळी) हुडकून आणणे आणि शिट्टीवर थांबणे या शिक्षणाने त्यांच्या अंगभूत गुणांना वाव मिळतो, म्हणून आम्ही ते सुरू केले. कुत्री डमी उचलते, पण हाती न देता अंगणभर पळत सुटते. कॉकर मात्र आवाज जरा चढला की शेपूट पायांत घालून जमिनीला चिकटतो. येथील एका प्रशिक्षकांनी दोघांनाही आवळणारी साखळी घालून झटके देण्यास सांगितले आहे. ते मनाला पटत नाही. काय करावे?

प्रतिसाद (वडोदरा)
साखळी मुळीच आणू नका. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत पाण्यातून मासे आणि जाळी ओढून आणत. तोंडात वस्तू धरून मिरवणे हेच तिचे बक्षीस आहे. तुम्ही मागे धावलात की तिला खेळ सापडतो, आणि हिसकावलेत की ती दात रोवू लागते. पक्ष्याला इजा न करता अलगद धरणारे मऊ तोंड हा या जातीचा सर्वांत मोलाचा गुण आहे, आणि तो अशा ओढाताणीत बिघडतो. घराशेजारच्या अरुंद बोळात, जिथे तिला बाजूने निसटता येणार नाही, तिथे खाली बसा. ती आली की डमीला हातही न लावता तिची मान आणि छाती चोळा. ती निवांत झाली की हनुवटीखाली तळहात धरून नाकाशी खाऊ न्या. डमी सोडली की खाऊ द्या आणि पुष्कळदा डमीही लगेच परत द्या. दिल्याने वस्तू जात नाही, हे तिला कळले पाहिजे.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)
वरील मताशी सहमत आहे. कॉकरची गोष्ट मात्र निराळी. त्याला शब्दांऐवजी शिट्टीवर शिकवा, कारण शिट्टीत राग उतरत नाही. एक लांब फुंकर म्हणजे बसणे, तुटक छोट्या फुंकरी म्हणजे परत येणे. ब्रिटनमध्ये स्पॅनियलसाठी बहुधा २१०.५ आणि रिट्रीव्हरसाठी (म्हणजे लॅब्राडॉरसारख्या वस्तू आणून देणाऱ्या जातींसाठी) २११.५ क्रमांकाची शिट्टी वापरतात; दोन्हींचा सूर वेगळा असतो. घरात दोन्ही असल्याने तुम्हीही दोन वेगळे सूर ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांनी तो आधीच बिचकला असेल, तर मोठ्या आवाजाची सवय लांबून, अगदी हळू आणि जेवताना लावावी. तो खाणे थांबवील तेव्हा अंतर वाढवावे. डमी गवतात लपवून त्याला वाऱ्याच्या उलट दिशेने नाकाने शोधू द्या, त्यातूनच त्याचा धीर वाढेल.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बोळाची युक्ती आजच करून पाहतो. सरावासाठी सिरपूर तलावाकाठी नेले तर चालेल का?

प्रतिसाद (वडोदरा)
कृपया नेऊ नका. २०२२ पासून ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि तिथल्या पक्ष्यांना मोकळ्या कुत्र्याचा फार त्रास होतो. कुंपण असलेले मैदान बघा, उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच जा, आणि दोघांना कधीही एकत्र शिकवू नका: कुत्रीचा सराव चालू असताना कॉकर घरात असावा, म्हणजे तिच्या धसमुसळेपणापुढे तो मागे पडणार नाही.