मदत हवी आहे: ग्युलियानीचे १२० अर्पेजिओ ओळीने सगळे करायचे का?

नमस्कार मंडळी. वय ४८. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो, मग सगळं सुटलं. दोन वर्षांपूर्वी नायलॉनच्या तारांची गिटार घेतली आणि नोटेशन वाचता येईल इतपत क्लास केला. सर गाव सोडताना म्हणाले, "ग्युलियानीचे एकशेवीस कर, हात बसेल." (हा बीथोवनच्या काळातला इटालियन गिटारवादक; अर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवणं.) बस, एवढंच.

तीन महिने झाले, ३४ नंबरवर आहे. सगळे व्यायाम दोनच कॉर्डवर आहेत. पेटीच्या भाषेत पांढरी एकचा सा धरला तर आधी सा-ग-प, मग प-नी-रे-म, पुन्हा सा-ग-प. घरचे वैतागलेत. बायको म्हणते, "पुढची ओळ येत नाही का तुम्हाला?" त्यात अनामिका पहिल्या तारेवर पोचेपर्यंत दमते, तिचा सूर बाकीच्यांच्या निम्मा येतो.

दोन प्रश्न. हे ओळीने १२० पर्यंत न्यायचे का? आणि रविवारी आम्ही पाचसहा जण जमून काहीबाही ऐकतो, त्यांना या माणसाचं काय ऐकवू? बीथोवनच्या सातव्या सिंफनीत त्याने गिटार वाजवली असं वाचलं, तेही सांगावं म्हणतो. आगाऊ धन्यवाद.

खर्जातला:
आधी उच्चार. इटालियनमध्ये 'Giu' म्हणजे सरळ 'जु', म्हणून माउरो जुलियानी. (रोमन लिहिल्याबद्दल संपादक रागावतील, पुन्हा नाही.)

सहा_तारा:
ओळीने मुळीच करू नका. हे पलट्यांसारखं आहे. सगळे पलटे एकदा वाजवून बघतात, घोटतात ते आपला हात जिथे अडतो तेवढेच. दोनच कॉर्ड का, तर डाव्या हाताला काही कामच उरू नये आणि सगळं लक्ष उजव्याकडे राहावं म्हणून. ही खोड नाही, युक्ती आहे. हे १२० म्हणजे त्याच्या ओपस १ चा (ओपस म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक) फक्त पहिला भाग. दुसऱ्यात डाव्या हातासाठी तिसऱ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या सुरांच्या जोड्या आहेत, पुढे अलंकरण आणि शेवटी बारा छोटे धडे. तुमच्या सरांनी पुस्तकाचा दरवाजा दाखवला, घर राहिलंच.

अनामिकेसाठी: सा-ग-पची कॉर्ड धरा. अंगठा पाचव्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एकच सूर, आणि वजन फक्त अनामिकेवर. अंगठा मुद्दाम हलका वाजवा. बोट तळहाताकडे मिटतंय ना ते बघा. तार वर उचलून सोडलीत तर 'चट्' असा आवाज येतो आणि मनगट दुखतं. दहा मिनिटं पुरे. बाकी वेळ त्याचंच 'ले पापियाँ', ओपस ५०, वाजवा. त्यात ३२ सोप्या रचना आहेत, घरच्यांनाही 'पुढची ओळ' मिळेल.

खर्जातला:
बीथोवनचं अर्धं खरं. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा जुलियानी वाद्यवृंदात होता, पण त्या सिंफनीत गिटारला जागाच नाही. तो आधी चेलो शिकलेला होता, त्यामुळे बहुतेक अभ्यासक चेलोच धरतात. हुमेल, मोशेलेस, स्पोर अशी नामांकित संगीतकार मंडळी त्या दिवशी रांगेत बसून वाजवत होती.

रविवारी गोष्ट इथून सुरू करा: जन्म १७८१, दक्षिण इटलीतलं बिशेल्ये. तिकडे ऑपेरापुढे गिटारला कोण विचारणार! १८०६ ला तो व्हिएन्नात आला आणि १८०८ च्या एप्रिलमध्ये वाद्यवृंदासह स्वतःचा गिटार कन्चेर्टो, ओपस ३०, वाजवून दाखवला. तो ऐकवाच. त्या काळची गिटार आजच्यापेक्षा लहान, वरच्या तीन तारा तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या), आवाज बेताचा. व्हायोलिनांनी तिला गिळू नये म्हणून साथ किती हलकी ठेवलीय ते कान देऊन ऐका. पुढे नेपोलियनची दुसरी बायको मारी लुईज हिच्याकडून मानाची पदवी मिळाली, तरी १८१९ ला कर्जापायी व्हिएन्ना सोडावं लागलं. त्यानंतर 'रोसिनियाने', ओपस ११९ ते १२४. रोसिनीच्या ऑपेरांतल्या चाली सहा तारांवर. माझ्या मते हे त्याचं सर्वात रसाळ काम, कन्चेर्टोपेक्षाही. १८२९ मध्ये नेपल्सला वारला.

कोथिंबीर:
मुलगी एमिलिया पण गिटारवादक होती बरं का! बापाने रोसिनी घेतला, तिने दुसरा ऑपेराकार बेल्लिनी घेऊन 'बेल्लिनियाने' लिहिल्या. त्यातलीही एखादी लावा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. शीर्षकातलं 'ग्यु' आता बदलता येत नाही, चालवून घ्या. रविवारी ओपस ३० आणि एक रोसिनियाना लावली. कन्चेर्टोला दोघं पेंगले, रोसिनियानाला एकाने "परत लावा" म्हटलं. खर्जातला, तुमचं बरोबर निघालं. ३४ नंबर सोडून दिलाय. 'ले पापियाँ'तली पहिली रचना अर्धी झाली, पण तिसऱ्या ओळीत अनामिका पुन्हा रुसते. सहा_तारा, तिथे मधलं बोट घेतलं तर चालेल का?

सहा_तारा:
नाही. :)