मदत हवी आहे : महागड्या आयईएमचा आवाज दुकानात बसून पारखायचा तरी कसा?

सैल_जवारी

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं दीड हजाराच्या इअरफोनवर गाणं ऐकतोय. यंदा थोडी थकबाकी हातात आली आणि डोक्यात किडा शिरला की एकदा चांगला आयईएम (कानाच्या नळीत बसणारा इअरफोन) घ्यायचाच. बजेट ६० हजारांपर्यंत. (घरी वीस सांगितलेत. इथं कुणी ओळखीचं असेल तर कृपया गप्प बसावं.)

गेल्या शनिवारी सांगलीहून मुद्दाम पुण्याला जाऊन एका दुकानात दोन जोड्या ऐकल्या. एक साठच्या आसपासची, आत एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग, छोट्या स्पीकरसारखा). दुसरी तिच्या निम्म्या किमतीची, पण आत दोन डायनॅमिक आणि चार आर्मेचर (वेगळ्या धाटणीचे बारीक ड्रायव्हर). नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल.

सोबत माझं नेहमीचंच नेलं होतं : विलंबित ख्याल, मागे दोन तानपुरे, तबला, पेटी. निम्म्या किमतीवालीनं दहा मिनिटांत गार केलं मला. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) अशी सुटी सुटी, गवयानं घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. मग महागडी घातली तर सगळं गोधडीखाली गेल्यासारखं. त्यात डग्गा गायब. घुमाराच नाही. प्रत्येक ‘धा’चा ‘ता’ झालेला!

विकणारा पोरगा म्हणाला, ‘सर, दोनशे तास बर्न-इन झालं, म्हणजे वाजवून वाजवून मुरली, की उघडेल.’ घरी येऊन कुठला स्वर किती मोठा येतो त्याचे ग्राफ बघितले तर या महागड्या जोडीला बास (खालचे स्वर) भरपूर दिसतोय. मग माझ्या कानात तो गेला कुठे? कान खराब झालेत की मला चांगला आवाज कळतच नाही?

येत्या शनिवारी पुन्हा जातोय, दुकानदार दीड तास बसू देणार आहे. त्या दीड तासात नेमकं काय करू?

खर्जातला_सा

कान ठीक आहेत तुमचे, टिप (इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी) चुकली. डग्गा गेला म्हणजे कुठूनतरी हवा गळतेय. कानाच्या नळीत पक्कं सील झालं नाही तर आधी खालचे स्वर जातात, मग जोडी साठ हजारांची असो नाहीतर सहाशेची. वरचं जवळपास तसंच राहतं, म्हणून ‘बिघडलंय’ असं वाटत नाही, नुसतं ‘पातळ आहे’ असं वाटतं.

फोनवर ५० हर्ट्झचा सूर लावा आणि इअरफोन बोटानं अगदी हलका दाबा. दाबल्यावर आवाज भरला तर सील नव्हतं. दोन्ही कानांना वेगवेगळं तपासा. घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, तोंड किंचित उघडा. दुकानात टिप्सचा डबा असतोच, मागून घ्या, लाजू नका.

बर्न-इनचं म्हणाल तर दोनशे तासांत बदलतो तो तुमचा मेंदू. तोवर परत करायची मुदतही संपलेली असते.

ओमचा_नियम

कशावर ऐकलंत ते लिहिलंच नाही?

सैल_जवारी

दुकानातला एक जुना अँप (अँप्लिफायर) होता, मोठा हेडफोनवाला. व्हॉल्यूम पोरानं लावला होता, मी हात लावला नाही.

ओमचा_नियम

अहो मग दोन घोटाळे झालेत, सीलचा धरून तीन.

पहिला व्हॉल्यूमचा. सगळ्या जोड्या सारख्याच व्हॉल्यूमला सारख्या मोठ्या वाजत नाहीत. आणि एखादा डेसिबल जास्त असला तर माणूस ‘हा मोठा आहे’ म्हणत नाही, ‘हा स्पष्ट आहे’ म्हणतो. त्यातून आवाज जितका हळू तितके खालचे आणि वरचे स्वर कानाला कमी लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणजे हळू वाजणारी जोडी आपोआप गोधडीत. पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर असलेली सलग सळसळ) लावून आधी दोन्ही जोड्या कानाला सारख्या वाटतील अशा करा, आकडे लिहून ठेवा. मग जी आवडेल तिचा व्हॉल्यूम मुद्दाम एक घर खाली आणा. तरीही तीच आवडली तर त्या आवडीत दम आहे.

दुसरा अँपचा. जुन्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा आतला विद्युत अडथळा, ओममध्ये मोजतात) पुष्कळदा जास्त असतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या जोडीला त्याचं फार देणंघेणं नाही, कारण तिचा स्वतःचा इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सारखा असतो. आर्मेचरवाल्या जोडीचा मात्र वारंवारतेप्रमाणे वरखाली होतो. समजा एके ठिकाणी १० ओम आणि दुसरीकडे ४० आहे. अँप १० ओमचा असेल तर पहिल्या जागी ६ डेसिबल पडतात आणि दुसऱ्या जागी फक्त २. म्हणजे ४ डेसिबलचा इक्यू (काही स्वर वर, काही खाली) कुणी न सांगता लागला! १ ओमच्या डोंगलवर (फोनला लावायचा छोटा अँप) हाच फरक अर्ध्या डेसिबलच्या थोडा वर राहतो. तुम्हाला जी ‘सुटी सुटी’ जवारी ऐकू आली, तिच्यात त्या अँपचाही हात असू शकतो. शनिवारी स्वतःचा फोन आणि डोंगल घेऊन जा. रोज ऐकणार त्याच्यावरच ना?

काळी_पाच

वरचं सगळं बरोबर, पण सील झालं, व्हॉल्यूम जुळला, पुढे ऐकायचं काय? दुकानदार जी डेमो गाणी लावतात ती कुठल्याही डब्यावर छान वाजतात.

घरी तानपुरा आहे का तुमच्या? असेल तर शुक्रवारी रात्री अर्धा तास नुसता छेडत बसा. पुरुषांचा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तानपुरा धरला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते, पण त्या तारेतून कानाला मुख्य मिळतात ते उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर), मूळ स्वर त्या मानानं लहानच. तार बरोबर मधोमध छेडली तर नियमानं सम क्रमांकाचे उपस्वर यायला नकोत, तरी जवारीमुळे येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच याच्यावर लिहिलंय. म्हणून तानपुऱ्यावरून बास जोखू नका, त्याला डग्गाच हवा. तानपुऱ्यावरून मधला आणि वरचा भाग जोखा. खर्जातून स्वयंभू गंधार आपसूक उमटतो का? तो सलग टिकतो, की मध्येच एखादा उपस्वर डोकं वर काढून ओरडतो?

आणि जवारी सुटी ऐकू आली म्हणजे जोडी चांगली, असं बिलकुल नाही. ३-४ हजार हर्ट्झ उचलून धरले की कुठलाही तानपुरा सुटा होतो. गाण्यात तानपुरा गवयाच्या मागे बसतो. तुमच्या त्या जोडीत तो कुठे बसला होता?

दीड_हजारी

मी अजून दीड हजारातच सुखी आहे. चालू द्या. वाचतोय.

खर्जातला_सा

काळी_पाच, झकास. एक भर. ग्राफवर ८ हजार हर्ट्झच्या आसपास जे शिखर दिसतं त्यानं घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जी नळी उरते तिचा तो अनुनाद असतो. नळी २० मिमी उरली तर साधारण ८,५०० हर्ट्झ, टिप आणखी आत गेली की तो आणखी वर सरकतो. मोजायच्या कृत्रिम कानात तो एका जागी बसवून घेतात. तुमच्या कानात तो कुठे पडेल हे ग्राफ सांगणार नाही. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर जोडी नाकारण्याआधी टिप थोडी आत-बाहेर करून बघा.

हरमन या ऑडिओ कंपनीच्या आदर्श रेषेचंही (ग्राफ कसा असावा ते सांगणारी रेष) तेच. संशोधक शॉन ऑलिव्ह आणि मंडळींनी भरपूर लोकांना ऐकवून काढलेली ती सरासरी आवड आहे, आणि त्या लोकांत तुम्ही नव्हता.

बर्न_इन_बंडू

दोनशे तासांनी फरक पडतोच. माझा स्वतःचा अनुभव आहे. मोजणाऱ्यांनी मोजत बसावं.

ओमचा_नियम

बंडूशेठ, नवी आणि दोनशे तासांची अशा दोन जोड्या कुणाकडून तरी डोळे बांधून ऐका आणि दहापैकी किती ओळखल्या ते इथं टाका. भांडण नाही, खरंच वाचायला आवडेल.

सैल_जवारी

जाऊन आलो! सविस्तर लिहितो.

शुक्रवारी रात्री मिरजेचा आमचा जुना तानपुरा काढला. सहा महिन्यांत हात लागला नव्हता, जुळवण्यातच वीस मिनिटं गेली. अर्धा तास छेडला. गंधार ऐकू आला आणि मग तोच ऐकत बसलो.

दुकानात आधी ५० हर्ट्झ. उजवा कान ठीक. डावीकडे बोट लावलं आणि घुमारा कानात शिरला! माझी डावी नळी मोठी आहे, हे बेचाळीस वर्षं मला माहीत नव्हतं. डावीकडे मोठी टिप आणि उजवीकडे मधली लावली, की ‘धा’ पुन्हा ‘धा’. पोरगा म्हणाला, ‘बघा सर, उघडला ना!’ काय बोलणार.

मग माझ्या डोंगलवर पिंक नॉइज जुळवला. निम्म्या किमतीची १४ वर, महागडी १९ वर. पाच घरं! गेल्या शनिवारी मी या फरकालाच ‘स्पष्ट’ म्हणत होतो.

जुळवल्यावर निम्म्या किमतीवालीत तानपुरे गवयाच्या पुढ्यात येऊन बसले होते, आणि एकदा ते कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. महागडीत ते मागे होते, गंधार धरून. पेटीही तिच्यातच पेटीसारखी. पण द्रुतमध्ये ‘स’ जरा टोचला. टिप किंचित बाहेर घेतली तर टोचणं गेलं आणि डग्गाही थोडा पातळ झाला. फोमच्या टिपनं दोन्ही सांभाळलं, फक्त मंजिऱ्यांची चमक कमी झाली.

चाळीस मिनिटांनंतर मला काहीच वेगळं कळेना, म्हणून उठलो. घेतली नाही. पुढच्या महिन्यात आणखी एकदा ऐकून घेईन, बहुतेक महागडीच. दरम्यान त्याच मोठ्या टिप्स दीड हजारवालीला लावल्या (२८० रुपये) आणि आठ वर्षांत पहिल्यांदा डावीकडून डग्गा आला. आता घरी काय सांगू?

एक शेवटचं : मोठ्या टिप्स सुट्या, एकेक नग मिळतात का? मला डावीकडचीच लागते.

काळी_पाच

नाही मिळत, जोडीच घ्यावी लागते. उरलेल्या मला पाठवा, माझा उजवा कान मोठा आहे.